कंडक्टरकाकांचा पुढचा दात

आधी कंडक्टरकाकांचं सांगते, मग काय घडलं ते. अकोला डेपोतून रिटायर झालेले एसटीचे कंडक्टर. उंच, जरासे पुढं वाकलेले, कारण तीस वर्षं गर्दीत शेवटच्या सीटकडं झुकून तिकिटं फाडली. माझ्या नात्यातले नाहीत, गावचे नाहीत, जातीपातीचे नाहीत. मी त्यांचा एक दात केला, एवढाच आमचा संबंध. तोही पहिल्या खेपेला चुकवला. तरी आज मी घरापासून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर, समुद्राजवळच्या एका मोठ्या शहरात, दात करायच्याच टेबलावर बसलेली आहे, ती त्यांच्यामुळं. हे त्यांना सांगितलं तर म्हणतात, "मी का केलं व? मी तं फक्त तोंड उघडलं."

माझी शाळा आठवीत सुटली. आईची कंबर धरली आणि घरात कामाला दुसरा हात नव्हता. आमचं हिवरखेड मोठं गाव, तिथं जिनिंग होती. मशीनमध्ये कापूस जायच्या आधी त्यातली कवडी, म्हणजे पिवळी पडलेली, किडकी बोंडं, हातानं वेचून काढायची असते. ढिगाच्या दोन्ही बाजूंना आम्ही बाया बसायचो. पांढरा हा एकच रंग आहे असं ज्याला वाटतं त्यानं तिथं एक दिवस बसावं. पहिल्या वेच्याचा कापूस दुधासारखा. पाण्यात सापडलेला निळसर, राखेसारखा. फरदडीचा, म्हणजे मोसम सरल्यावर त्याच झाडाला पुन्हा आलेला, कणकेच्या रंगाचा. मुकादमाला उन्हात नेऊन पाहावं लागायचं, मला बसल्या जागी कळायचं. त्याचं कौतुक कोणी केलं नाही, आणि ती कौतुकाची गोष्ट आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

मग ती वर्षं आली. वऱ्हाडाचं नाव पेपरात एकाच कारणानं छापून यायचं, आणि ते कारण सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या एका वर्षी बोंडं भरलीच नाहीत आणि जिनिंग दिवाळीनंतर दीड महिन्यात बंद पडली. माझी मावसबहीण अमरावतीला एका झेरॉक्सच्या दुकानात होती. तिच्या दुकानावरच्या मजल्यावर दातांची लॅब होती. ती म्हणाली, "ये तं खरी. नाई जमलं तं झेरॉक्स काढ."

लॅबवाल्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, चाचा दात करायचे. डोळ्याला लावायची भिंगाची नळी तीच होती, वडिलांची. त्यांनी माझं शिक्षण विचारलं. मी "आठवी" म्हणून मान खाली घातली. काड्यांवर बसवलेले सोळा नमुन्याचे दात त्यांनी मुठीत घेऊन पत्त्यांसारखे पिसले आणि माझ्यापुढं टाकले.

"लाव. उजळ्यापासून मळक्यापर्यंत."

मी पहिल्या वेच्यापासून फरदडीपर्यंत लावून टाकले. एकेका काडीमागं नंबर होता, तो त्यांनी भिंग लावून पाहिला. दोनदा पाहिला.

"कहाँ सीखी, बेटी?"

"कापसात."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. आधी प्लास्टरचे साचे, मग मेण, आणि दोन वर्षांनी कंपोझिट. कंपोझिट म्हणजे राळेसारखा लगदा आणि त्यात काचेचे, चिनीमातीचे कण कालवलेले. आधीच्या मालात कण जाड असायचे. चाचांनी आणलेला नवा माल नॅनो होता. नॅनो म्हणजे काय, हे मी भीत भीत विचारलं. मला प्रश्न विचारायचीच भीती वाटायची, कारण शाळेत विचारलेला शेवटचा प्रश्न सगळ्या वर्गानं हसून मोडला होता.

चाचा हसले नाहीत. "तुझी आई ज्वारी जाड दळून आणते तेव्हा भाकरीचं काय होतं?"

"काठाला तडकते."

"और बारीक?"

"फुगते. काठ धरतो."

"बस. ये पीठ इतका बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो कण बसतील. म्हणून फटी राहत नाहीत. चमक टिकते, डाग आत शिरत नाही."

आणि चावताना धक्का सोसतो, हे त्यांनी नंतर शिकवलं. आपला दात हाडात थोडा हलता असतो, खाली जणू गादी असते. हाडात बसवलेल्या स्क्रूला ती गादी नसते. त्या स्क्रूवरही हाडातल्याच क्षाराचा असाच बारीक लेप असतो, म्हणून हाड त्याला परकं मानत नाही, चार-पाच महिन्यांत घट्ट धरतं. पण वरचा दात फार टणक केला तर प्रत्येक घास सरळ हाडावर आदळतो. म्हणून वर कंपोझिट. मला हे इतकं आवडलं की मी रात्री खोलीवर भाकरी थापताना शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "तव्याकडं पाह्य, करपून राहिली."

लॅबमध्ये दुसऱ्या टेबलावर एक जुने कारागीर होते, हाताचे पक्के आणि तोंडाचे त्याहून. ते मला 'कवडी' म्हणायचे. "काय कवडे, आज किती किलो वेचलं?" वाईट मनानं नव्हे, पण रोज. पगारवाढ मागायच्या दिवशीसुद्धा.

तर अशात अकोल्याच्या एका दवाखान्यातून पहिलंच मोठं काम आलं. समोरचा वरचा दात, हाडात स्क्रू बसवलेला, त्यावर नॅनो कंपोझिटचा मुकुट. तिथल्या डॉक्टर मॅडम आतापर्यंत असली कामं नागपूरला पाठवत. पाठचे दात कोणीही करतं, समोरचा दात म्हणजे माणसाचं दार. चाचांनी तो मला दिला. जुने कारागीर त्या दिवशी मला कवडीसुद्धा म्हणाले नाहीत, यावरून समजून घ्या.

चाचा म्हणाले, "हा दात परत आला नाही पाहिजे. आला तर त्या मॅडम पुन्हा नागपूरला जातील आणि मला या टेबलाचा विचार करावा लागेल."

प्लास्टरच्या टेबलावर आता दुसरी बाई बसत होती. मेणाच्या टेबलावर तिची बहीण. म्हणजे हा दात परत आला तर माझी जागा हिवरखेडच्या जिनिंगमध्ये, आणि ती बंद. मी तीन दिवस धड जेवले नाही.

रंग घ्यायला मी अकोल्याला गेले. खुर्चीत कंडक्टरकाका बसलेले. एका भर उन्हाळ्याच्या दुपारी बस चालू असताना समोर गोऱ्हा आला, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि काकांचा दात सीटच्या दांडीवर गेला. ही गोष्ट त्यांनी मला अशी सांगितली की जणू गोऱ्ह्याचा सत्कार व्हायला पाहिजे होता. तेव्हापासून ते काढता-घालता दात लावत.

"मले काही म्हणायचं नाई, खाणं जमते," ते म्हणाले. "पण पोरी, जयंतीले आमच्या नगरात गायन असते. मी कोरसमध्ये नाई, मेन गातो. मांगच्या खेपीले तान घेतली तं दात उडून पेटीवर पडला. पेटीवाला म्हणे, काका, हा सूर माह्या पेटीत नाई."

जयंतीला दोन आठवडे होते.

मी त्यांना खिडकीपाशी उन्हात बसवलं, शर्टावर पांढरा टॉवेल टाकला आणि दात पाहिले. तीस वर्षांचा खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी. हिरडीजवळ कात घोटल्यासारखी रेघ, मध्ये तपकिरी धुरकटपणा, टोकाला तेवढा मूळ रंग. सोळा काड्यांत असला एकही नव्हता. मी घाबरले आणि मग, खरं सांगते, मला मजा वाटायला लागली. हे तर फरदडीच्याही पुढचं काही होतं. मी रंगीत पेन्सिलींनी प्रत्येक रेघ कागदावर उतरवली. काका डोळे मिटून होते. मध्येच म्हणाले, "एवढं का पाहून राहिली व? फोटोच काढून ने."

"फोटोत पांढरं खरं येत नाही, काका."

"हे बरोबर बोलली. आधार कार्डावर मी चोर दिसतो."

लॅबमध्ये मी तो दात थर थर चढवला. एक थर, निळा दिवा, तो कडक झाला की दुसरा थर. कात कुठं गडद, कुठं फिका, हे रंगाच्या केसाएवढ्या कुंचल्यानं. चौथ्या दिवशी तो चाचांपुढं ठेवला. त्यांनी भिंगाची नळी लावली, माझा कागद पाहिला, दात फिरवला, आणि खाली चहाच्या टपरीवर हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. त्यांच्याकडं तेच सर्टिफिकेट. जुने कारागीर लांबून म्हणाले, "पिचकारी मारतो का पाह्य, मंग दे."

दात घेऊन मी अकोल्याच्या बसमध्ये बसले. डबी ओढणीच्या गाठीत. बडनेऱ्याला गाठ चाचपली, मूर्तिजापूरला सोडून पाहिली, पुन्हा बांधली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "सोनं हाय का बाई?" मी म्हटलं, "दात हाय." त्या जरा सरकून बसल्या.

दवाखान्यात काका आधीच येऊन बसले होते. मला पाहून उठले आणि हसले.

दात पांढरेशुभ्र.

मला आधी वाटलं, उन्हातून आत आल्यामुळं असं दिसतंय. मी डोळे मिचकावले. मॅडमही पाहत राहिल्या. त्या दोन दिवस गावाला गेल्या होत्या, आणि तेवढ्यात काकांनी येऊन हाताखालच्या डॉक्टरकडून सगळे दात साफ करून घेतले होते, खरडून, पॉलिश करून.

"काहून, काका?" मॅडम म्हणाल्या. "सांगायचं तरी."

काका खुशीत होते. "मॅडम, घरी नवा पाहुणा येऊन राहिला म्हटल्यावर मानूस घराले चुना नाई मारत का? एवढा चांगला दात येनार, अन् शेजारी असे? त्याले का वाटन?"

मॅडमनी माझी डबी उघडली, दात स्क्रूवर लावून पाहिला आणि काकांच्या हातात आरसा दिला. पहिल्या वेच्याच्या ढिगात एक कवडी पडावी, तसा तो दिसत होता. हुबेहूब खर्रा. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं ते, आणि ते बघून रडू आलं.

काका आरशात बराच वेळ पाहत राहिले. "काय हुबेहूब केला," ते म्हणाले. "हा तं मीच हाय. बाकीचे कोनी दुसरेच."

मॅडमना हसू आलं नाही. "जयंतीला आठ दिवस राहिले. आता हा नागपूरलाच सांगावा लागेल. तुझ्या चाचांना फोन लाव."

माझा हात फोनकडं जाईना. काकांनी ते पाहिलं असावं. ते खुर्चीतून उठले, गळ्यातला टॉवेल तसाच.

"थांबा ना मॅडम. पोट्टी चुकली नाई. तिनं जे होतं ते केलं. घर मी रंगवलं, तिले न सांगता. आता दंड कोनी भरायचा? नागपूरवाला मले वळखत नाई. ह्या पोरीनं माह्या तोंडात इतकं पाह्यलं का माह्या बायकोनं नाई पाह्यलं. हाच दात नीट करून आणते. मी तिच्याकडं जाईन, तिनं यायचं नाई."

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाल्या, "सहा दिवस. सातव्या दिवशी मी नागपूरला फोन करीन."

मी लॅबमध्ये पोचले तेव्हा सगळं चाचांना एका दमात सांगितलं. चुना मारल्याचं ऐकल्यावर ते टेबलाला धरून हसले. मी त्यांना तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही. "सोलह रंग कंपनी ने दिए," ते म्हणाले, "सतरावा तू बनाया. खर्रा नंबर एक." मी दात कचऱ्याच्या डब्याकडं नेत होते, तर त्यांनी मनगट धरलं. "फेकू नको. चिनीमातीचा असता तर फेकावाच लागला असता, नवा भाजावा लागला असता. हा कंपोझिट आहे. वरचा थर घास, पुन्हा चढव. धरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं काका हजर. रिटायर लोकांना मिळतो तो पास त्यांच्याकडं होता आणि तो वापरायला काही कारण मिळालं याचाच त्यांना आनंद. मी त्यांना गच्चीवर नेलं. खाली गल्लीत सायकलची दुकानं, वर माझे काड्यांवरचे सोळा दात आणि काकांचे बाकीचे.

आणि तिथं माझं डोकं अडलं. हा नॅनो कंपोझिट डाग सहजी धरत नाही. म्हणजे काका पुन्हा खर्रा खायला लागले, तर बाजूचे दात हळूहळू पुन्हा तपकिरी होणार, आणि माझा एकटा पांढरा राहणार. आज जुळवून दिला तर सहा महिन्यांनी उघडा पडणार. मॅडम तोच पाहणार, आणि म्हणणार, अमरावतीचं काम असंच. म्हणून मी मनात एक मधला रंग धरला होता. धड पांढरा नाही, धड मळका नाही. दोन्हीकडून थोडा थोडा वाईट, पण कुठूनच फार वाईट नाही. भित्र्या माणसाचा रंग.

मी ते काकांना सांगून टाकलं. "हा दात रंग धरत नाही, काका. तुम्ही खर्रा खाल्ला की हा चुगली करेल."

"म्हंजे तोंडात पोलीस बसवला म्हन ना."

"म्हणून मी जरा मधला..."

"मधला काहून?" त्यांचा आवाज बसमधला झाला. "अर्धं तिकीट लहान पोराईचं असते. मी का लहान हाव? तू फुल फाड. उजळ कर, आता आहेत तसा."

"आणि खर्रा?"

त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. प्लास्टिकची छोटी पुडी काढली, अर्धी उरलेली. ती माझ्या हातावर ठेवली, जसे सुटे पैसे परत करावेत तशी. "बायकोनं तीस वर्षं सांगितलं, नाई सोडला. डॉक्टरनं सांगितलं, नाई सोडला. पन आता माह्या तोंडात तुही नोकरी हाय म्हटल्यावर..." मग त्यांना बहुतेक वाटलं की जास्त बोललो. "पाह्यतो. दांडीले धरून चालतो. तू उजळ कर."

त्यांना माझ्या जागेचं कोणी सांगितलं हे मला आजवर कळलं नाही. मला वाटतं, माझा फोनकडं न जाणारा हात त्यांनी पाहिला होता. तीस वर्षं लोकांचे हात बघूनच त्यांनी ओळखलं असणार, कोणाकडं तिकिटाचे पैसे आहेत आणि कोण पुढच्या स्टॉपला उतरायचं म्हणतंय.

मी वरचा थर घासला, लेप लावला, नवा थर चढवला. या वेळी एकच रंग, पण टोकाला किंचित पाणीदार, जसा त्यांच्या बाकीच्यांना होता. आतमध्ये तो खर्रावाला दात तसाच आहे. बाहेरून दिसत नाही, पण तो आत आहे हे मला आणि काकांना माहीत आहे.

सहाव्या दिवशी तो बसला. मॅडमनी आरसा दिला नाही, आधी स्वतः दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग मला म्हणाल्या, "पुढचं माप कधी पाठवू?" मी घाबरून "कधीही" म्हटलं.

जयंतीला मी अकोल्यात मागं उभी होते. काका निळ्या फेट्यात मेन गायले. 'भीम'मधला भ फुटला, वारा गेला नाही, पेटीवर काही पडलं नाही. दोन कडव्यांच्या मध्ये ते माईकवर म्हणाले, "हा दात अमरावतीच्या पोरीनं केला." लोकांना वाटलं पुढची ओळ आहे, त्यांनी टाळ्या दिल्या. लॅबमध्ये जुन्या कारागिरांना मी हे सांगितलं, तर म्हणाले, "मंग कवडीचा भाव वाढला म्हनायचा." त्यानंतर त्यांनी मला त्यांचा जुना, चांगला कुंचला दिला.

खर्रा काकांनी सोडला. काकू फोनवर सांगायच्या, घरात आता बडीशेपेचं पोतं असतं. मध्ये एकदा एका मित्राच्या मयतीला गेले होते तेव्हा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी मला स्वतः फोन केला. "एकच. तीनदा चूळ भरली. आरशात पाह्यलं, जमून हाय. घाबरू नको."

मी घाबरतेच. मॅडमची मापं येत राहिली, तेच काम बघून या शहरातल्या लॅबनं मला बोलावलं; त्याला इतकी वर्षं झाली, इथं मोठ्या मशिनीवर दात कोरले जातात, तरी रोज सकाळी टेबलावर बसताना वाटतं, आज परत पाठवतील. मग महिन्याच्या पहिल्या तारखेला फोनवर एक फोटो येतो. त्यावर काही लिहिलेलं नसतं. नुसते हसणारे काका, उन्हात, गळ्यात पांढरा टॉवेल टाकून, मी पहिल्या दिवशी टाकला होता तसा.

मागच्या महिन्यात फोटोबरोबर एक ओळही होती: शेजारी हलून राहिला. त्यांच्या बाजूचा दात. तो कधी पडायचा तेव्हा पडो. काका, तो पडेल तेव्हा स्क्रू मॅडम बसवतील, हाड चार-पाच महिने घेईल, आणि त्या चार-पाच महिन्यांत मी सुट्टी काढून येईन. रंग उन्हातच घेईन, चाचांच्या गच्चीवर. थर मीच चढवीन, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. आणि आधीच सांगते, या खेपेला घराला चुना मारायचा असेल, तर मी आल्यावर मारा.